टाकीच्या तोंडाशी

सत्यमचं वाळूजच्या कारखान्यातलं काम सुटलं, पण त्याला कुणी काढून टाकलं असंही म्हणता येत नव्हतं. तो कंपनीचा माणूस कधी नव्हताच, ठेकेदाराचा माणूस होता. जुन्या ठेकेदाराचा करार संपला, नवा आला, त्यानं आपल्या गावाकडची पोरं भरली. सोमवारी शिफ्टची बस थांब्यावर आली तेव्हा ड्रायव्हरनंच सांगितलं, की दादा, तुझा पास बंद झालाय. मागं रांग होती. सत्यम बाजूला झाला आणि बाकीचे चढले.

उस्मानपुऱ्याच्या मागच्या गल्लीत त्याच्या दोन खोल्या होत्या. घरात बायको मंजुषा, दुसरीत शिकणारी मुलगी श्रेया आणि आई मनकर्णाबाई. मंजुषा बारावी झालेली, माहेर गंगापूरकडचं. नवरा मनानं सरळ आणि तोंडानं मुका, हे तिला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं होतं आणि त्याबद्दल तिची काही तक्रारही नव्हती. पण मुका माणूस घरी बसला की घरातली हवा जड होते. दोन महिने तो शिफ्टच्या वेळेला उठायचा, अंघोळ करून तयार व्हायचा आणि ओट्यावर बसून राहायचा.

वाट दाखवली फारूखभाईनं. फारूखभाई प्लंबर, याच गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान. तो म्हणाला, की मी नळ जोडायला घरोघरी जातो आणि सगळीकडं एकच बघतो. या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. चार दिवसांनी येतं, सहा दिवसांनी येतं, कधी आठवडा उलटतो. म्हणून प्रत्येकाच्या गच्चीवर टाकी, अंगणात जमिनीखाली हौद, हौदाशेजारी ड्रम. साठवतात सगळे. तळाशी काय बसलंय ते बघायला कुणी जात नाही. तू टाक्या धुवायचं काम घे, गिऱ्हाईक मी सांगत जाईन.

सत्यमनं पाण्याचा जोराचा फवारा मारणारी मोटर घेतली, गाळ ओढायचं मशीन जुनं मिळालं, लांब पाईप, दोर, बॅटरी, तोंडाला लावायचा मास्क. ‘निर्मळ टाकी सफाई’ हे नाव मंजुषानं सुचवलं. पत्रकं छापून पेपरात टाकली, क्रांती चौकातल्या खांबांवर चिकटवली. पत्रकं पावसानं धुऊन नेली. फारूखभाईनं सांगितलेली चार-दोन घरं सोडली तर कुणी विचारलं नाही.

शेजारची मोनिका कॉलेजात शिकत होती. ती म्हणाली, की वहिनी, आता पत्रकं कोण वाचतं? रील टाका. तिनंच पेज काढून दिलं, सत्यमचा नंबर घातला, व्हिडिओ कसा घ्यायचा आणि कसा कापायचा ते मंजुषाला शिकवलं. मग मंजुषा रोज रात्री नवऱ्याच्या फोनमधले व्हिडिओ जुळवू लागली. आधीची घाण टाकी, नंतरची स्वच्छ टाकी, मधे रेनकोट घातलेला सत्यम वाकून घासतोय, मागं कसलंतरी संगीत. त्याला मोनिकाचं लाईक यायचं, मोनिकाच्या मैत्रिणींचं यायचं, आणि एक कुठल्या तरी टाइल्सच्या दुकानाचं.

सत्यमबरोबर काम करणारा गडी दिवाळीला गावी गेला आणि ऊसतोडीला निघून गेला. दुसरा मिळेना. टाकीचं काम एकट्या माणसाचं नाही. आत उतरणारा एक लागतो आणि वर बॅटरी धरून बादली ओढणारा एक. तेव्हा मंजुषा म्हणाली, मी येते. मनकर्णाबाईंनी श्रेयाला सांभाळायचं कबूल केलं.

गारखेड्यात एका अपार्टमेंटच्या गच्चीवर तिनं पहिल्यांदा टाकीत डोकावून बघितलं. वरून पाणी आरशासारखं होतं. सत्यमनं ते काढून टाकल्यावर खालून जे निघालं ते बघून ती दोन पावलं मागं सरकली. मग तिला वाटलं, हे दाखवलं पाहिजे. तिनं सत्यमचा फोन उघडला, आधी गाळावर धरला, आणि कशी कोण जाणे बोलायला लागली. फोन उलटा फिरवून स्वतःकडं धरला आणि घामेजलेल्या चेहऱ्यानं, पदर खोचलेल्या अवस्थेत, मधेच वाकून टाकीत बघत, घरी बोलते तशीच बोलली.

“हे बगा. वरून पानी कसं निवळशंख दिसतं. आता खाली बगा. हे गेल्या उन्हाळ्यापासून बसलेलं हाय. देवापुढं ठेवायचा तांब्या आपन रोज चिंचेनं घासतो, आन् ज्या टाकीतलं पानी लेकराला पाजतो तिच्यात कधी डोकावत नाय. माझ्या घरची टाकीपन अशीच होती, खोटं काऊन सांगू? आमचे हे आत उतरलेत. तुमी नुसतं झाकन उघडून बगा. मग वाटलं तर बोलवा.”

तिनं ते न कापता तसंच टाकलं. सकाळी उठून बघते तर बघणाऱ्यांचा आकडा फोनच्या पडद्यावर मावत नव्हता. लोकांनी आपापल्या टाक्या उघडून फोटो पाठवले होते. एका बाईनं लिहिलं होतं, की ताई, तुमचं बोलणं ऐकून माझी आजी आठवली. आणि सत्यमचा फोन वाजायला लागला.

ते दिवस मंजुषाच्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. सिडको, हडको, सातारा परिसर, बीड बायपास, शहराचा एक कोपरा राहिला नाही. फवाऱ्याची मोटर सत्यमच्या दुचाकीच्या मागं बांधायची, पाईपाचं वेटोळं मांडीवर घेऊन ती मागं बसायची. कुठली कॉलनी, तिथं नळ कोणत्या दिवशी येतो, हे तिला पाठ झालं. पाण्याच्या आदल्या दिवशी टाकी रिकामी असते, तेव्हाच काम करायचं. प्रत्येक ठिकाणी ती एक व्हिडिओ करायची. टाकीत निघालेलं कबुतराचं पीस, प्लास्टिकचा चेंडू, एकदा तर कुणाचा तरी चष्मा. ती दाखवायची आणि बोलायची. शाळेत असताना तिला कुणी कधी व्यासपीठावर उभं केलं नव्हतं. आपल्याला बोलता येतं, आपलं बोलणं लोकांना थांबून ऐकावंसं वाटतं, हे तिला तिशीला टेकल्यावर कळलं होतं. गिऱ्हाइकांकडच्या बाया चहा करून द्यायच्या आणि म्हणायच्या, तुम्ही त्याच ना?

फोन सत्यमकडं असायचा आणि तोच घ्यायचा. एखादा फोन आला की तो जरा लांब जाऊन बोलायचा. मंजुषाला वाटायचं, त्याची सवयच आहे.

संक्रांत होऊन गेली होती. सिडकोत एन-सातमधल्या एका घरी सत्यम टाकीत होता, त्याचा फोन बाहेर कठड्यावर वाजत होता. हात मोकळा होता म्हणून तिनं घेतला. पलीकडचा माणूस अगदी सभ्य आवाजाचा. हजार लिटरची टाकी आहे, धुवायची आहे, दर काय, पावडर कुठली वापरता, सगळं नीट विचारलं. तिनं नीट सांगितलं. मग तो म्हणाला, “मॅडम, तुमीच येनार ना पन? त्या दादाची काय गरज नाय. टाकी लहानच हाय. तुमी एकट्या आल्या तरी चालतं.” आणि हसला.

तिला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा तिनं फोन कापला आणि तो परत कठड्यावर उलटा ठेवला. सत्यम वर आला, त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं, मग फोनकडं, आणि काही विचारलं नाही. त्या न विचारण्यावरूनच तिला कळलं.

“असे फोन येतेत?” ती म्हणाली.

“येतेत.”

“कवापासून?”

“पयल्या दिवसापासून.”

“मला सांगितलं नाय तुमी.”

सत्यम ओला टॉवेल पिळत राहिला. त्यात पाणी उरलं नव्हतं तरी पिळत होता. “दहा आले तर तीन खरे असतेत मंजू,” तो म्हणाला. “ते तीन कसे सोडू? उचलल्याबिगर कळत नाय कोनता खरा हाय.”

ती त्याच्यावर रागावली. पण रागाला धरायला कुठं जागा सापडेना. तो शिव्या ऐकत होता, घाण ऐकत होता, आणि रोज संध्याकाळी काही झालंच नाही असा जेवायला बसत होता. तिला वाचवत होता म्हणावं तर तिच्याच तोंडावर धंदा चालवत होता. आणि तो तरी एकटा कुठं चालवत होता? ती स्वतः हौसेनं बोलत होती. त्या रात्री तिनं पहिल्यांदा पेजवरचं सगळं खालपर्यंत वाचलं. आतापर्यंत ती वरच्या दहा-बारा प्रतिक्रिया वाचायची, तिथं बाया असायच्या. खाली दुसरीच वस्ती होती.

दुसऱ्या दिवसापासून तिनं व्हिडिओत तोंड दाखवणं बंद केलं. म्हणाली, आता तुम्ही बोला. सत्यमनं प्रयत्न केला नाही असं नाही. मोनिकानं चार ओळी लिहून दिल्या, त्यानं आरशासमोर पाठ केल्या. श्रेया पलंगावर बसून त्याला चुका सांगायची. पण फोन समोर धरला की तो पंधरा ऑगस्टला उभा राहतो तसा ताठ व्हायचा, डोळे मोठे करायचा आणि ‘नमस्कार मित्रांनो’ म्हणून गप्प. कसाबसा एक व्हिडिओ झाला. तो टाकला तर लोकांनी खाली विचारलं, ताई कुठं गेल्या? सत्यमनं तो कुणी न सांगता स्वतःच काढून टाकला.

ताईनं बोलणं थांबवलं म्हणून जे आधी बोलून ठेवलं होतं ते काही थांबलं नाही. एके दुपारी फारूखभाई दारात आला. एरवी तो आत येऊन मनकर्णाबाईंशी दोन गोष्टी बोलायचा. त्या दिवशी उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, मंजुषाकडं बघितलं नाही, आणि सत्यमला गल्लीच्या टोकाला घेऊन गेला. काय बोलला ते सत्यमनं नंतर सांगितलं. “भाभी का विडिओ किसी ने उठा के गलत जगा डाल्या है. मेरे कू बोलने में शरम आती, पन तेरे कू मालूम होना.”

व्हिडिओ तिचाच होता, गारखेड्याचा. तिचे शब्द काढून टाकले होते. ती वाकून टाकीत बघते तेवढाच तुकडा सावकाश केला होता, पुन्हा पुन्हा फिरवला होता, आणि मागं एक गाणं लावलं होतं. खाली सत्यमचा नंबर होता.

तिनं ॲपवर तक्रार केली. मोनिकानं केली, मोनिकाच्या मैत्रिणींनी केली. दोन दिवसांनी उत्तर आलं, की आम्ही तपासलं, यात आमच्या नियमांच्या विरुद्ध काही आढळलं नाही. उत्तर इंग्रजीत होतं. मोनिकानं वाचून दाखवलं आणि दुसऱ्यांदा वाचायला ती तयार होईना. मंजुषानं विचारलं, की यांचं ऑफिस कुठं आहे, आपण जाऊन भेटू. मोनिका म्हणाली, ऑफिस नसतं वहिनी. म्हणजे असेल कुठंतरी, पण आपल्याला जाता येईल असं नसतं.

मग मंजुषा आणि सत्यम पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या पोलीस बाई चांगल्या होत्या. पाणी दिलं, नीट ऐकून घेतलं, तक्रार लिहून घेतली. काही दिवसांत तो व्हिडिओ त्या जागेवरून गेलाही. मंजुषानं देवापुढं साखर ठेवली. आठवड्यानं तोच तुकडा दुसऱ्या नावानं दुसरीकडं होता, आणि आता त्यावर कुणीतरी आणखी काही लिहिलं होतं. ती परत गेली तेव्हा त्या बाई म्हणाल्या, “एक काढला की दुसरा येतो ताई. खोटं कशाला सांगू? आम्ही काढत राहतो. तुम्ही कळवत राहा.”

माहेराहून भावाचा फोन आला. काकासाहेब तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, गावात दूध संकलनाचं काम बघायचा. त्याला तिथं कुणीतरी दाखवलं होतं. तो चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो रडकुंडीला आला होता. म्हणाला, की मी मान वर करून चालू शकत नाही, तू हे बंद कर, आणि बंद होईपर्यंत इकडं येऊ नको. ती म्हणाली, मी बंद केलंय रे, कधीचंच केलंय. त्याला ते पटलं नाही. कारण त्याच्या समोर ते चालूच होतं.

मनकर्णाबाईंनाही कळलं. भजनातल्या बायांनी सांगितलं की कसं, ते त्या बोलल्या नाहीत. मंजुषा भांडी घासत होती, तिला वाटलं आता ऐकावं लागणार. मनकर्णाबाई तिच्याजवळ पाटावर येऊन बसल्या. तरुणपणी त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती.

“आमच्याकडंबी बगायचे लोक,” त्या म्हणाल्या. “मुकादम बगायचा, टरकवाले बगायचे. आमी पदर ओढून घ्यायचो, आन् काम करायचो. पन ते बगून निगून जायचे पोरी. आमचं तोंड संगं घेऊन जात नव्हते.” मग घासलेलं एक भांडं पालथं घालत म्हणाल्या, “याला काय इलाज हाय ते मला नाय समजत.”

मंजुषाला सासूचा हात धरावासा वाटला. हात साबणाचे होते.

मार्च उतरला, एप्रिल लागला. उन्हाळा म्हणजे या धंद्याचा हंगाम. पाणी कमी, टाक्यांचे तळ उघडे पडलेले. आणि फोन थंडावले. जे येत होते ते त्या दुसऱ्या प्रकारचे. शहरात तोवर अशीच कामं करणारे आणखी तिघं-चौघं निघाले होते, त्यांचे व्हिडिओ चकचकीत. सत्यम दोन वेळा वाळूजला जाऊन आला. गेटवर उभं राहून फोन नंबर देऊन आला. ते पंचविशीच्या आतली पोरं घेत होते. पुन्हा तो पहाटे उठून ओट्यावर बसायला लागला.

तो तिला काही म्हणाला नाही. एकदाही नाही. फक्त एका संध्याकाळी तिच्यासमोर बसून त्यानं फोनची काच सदऱ्यानं पुसली, बराच वेळ पुसली, आणि मग तो तिच्या बाजूला ठेवून बाहेर निघून गेला.

तिनं दोन दिवस त्या फोनला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सायलीताईंचा फोन आला. बीड बायपासच्या एका मोठ्या सोसायटीच्या त्या अध्यक्ष. म्हणाल्या, “तुमचे व्हिडिओ आमच्या सगळ्या बायका बघायच्या. बंद का केले? आमच्या सोसायटीच्या सगळ्या टाक्या तुम्हाला द्यायच्यात, वर्षभराचं काम. दुसरेही आले होते, पण बायका म्हणाल्या, त्या ताईच हव्यात. त्या खोटं बोलत नाहीत.” शेवटी म्हणाल्या, “आणि एक व्हिडिओ आमच्याकडंही करा हं. मुलं वाट बघतायत.”

मंजुषा किती तरी वेळ फोन हातात धरून बसली. त्या घाण हसणाऱ्यांनी जिला बघितलं होतं तिलाच या बायांनी बघितलं होतं. यांना ठेवून त्यांना वगळावं अशी काही सोय नव्हती.

सोसायटीत ती गाडीवर बांधतात तसा स्कार्फ तोंडाला गुंडाळून गेली, नुसते डोळे उघडे. सायलीताईंनी तिला मिठीच मारली. टाक्या धुऊन झाल्या, खाली बाया आणि पोरं जमली. ती स्कार्फमधूनच बोलली. आवाज गुदमरत होता, मागची पोरं ‘काय, काय’ करत होती. सायलीताई तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, की अहो, घामाघूम झालात, काढा ना तो, आम्ही सगळ्या घरच्याच तर आहोत. त्यांच्या मनात काही नव्हतं. मंजुषानं सत्यमकडं पाहिलं. सत्यम पाईप गुंडाळत होता, त्यानं वर बघितलं नाही. तिनं स्कार्फ सोडला.

तो व्हिडिओ चालला. पहिल्यापेक्षा जास्त चालला. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत सत्यमचा फोन तीनदा वाजला होता. चौथ्यांदा वाजला तेव्हा तो दारात बूट काढत होता आणि ती आत श्रेयाला वाढत होती. तो लांब जायचं विसरला. ती ऐकत होती. “व्हय... जमिनीतला हौद व्हय... उद्या जमंल.” मग तो बुटाची नाडी सोडत ऐकत राहिला. आणि मग खालच्या आवाजात, “असतेत. मॅडमपन असतेत संगं.”

ती वाढत राहिली. श्रेया म्हणाली, आई, भाजी पुरे.

पत्ता एका नव्या वसाहतीतला होता. बंगला छान, पुढं फरशी घातलेलं अंगण, फरशीत हौदाचं चौकोनी लोखंडी झाकण. घरात बाईमाणूस दिसलं नाही. तिघं जण होते, पंचवीस-तिशीतले, चांगल्या कपड्यांतले. त्यांनी सत्यमला ‘दादा’ म्हटलं, थंड पाणी दिलं. झाकण उघडून सत्यमनं बॅटरी मारली. पाणी आधीच उपसलेलं होतं आणि तळ जवळजवळ स्वच्छ होता. तो क्षणभर थांबला. मग दोर कमरेला बांधून खाली उतरला.

हौद खोल होता. खाली हवा कोंडते म्हणून वरून पंख्याची नळी सोडावी लागते, आणि आतला माणूस भोवळ येऊन पडला तर ओढायला दोराचं दुसरं टोक वरच्याच्या हातात असावं लागतं. माणूस आत असेपर्यंत वरच्यानं तिथून हलायचं नसतं. हे तिला सत्यमनंच शिकवलं होतं. ती झाकणाशी गुडघ्यावर बसली, एका हातात दोर, दुसऱ्यात नळी.

तेव्हा त्यांनी फोन काढले. एक समोर पायरीवर बसला, एक डावीकडं कुंडीला टेकला, एक तिच्या मागं गेला. कुणी तिला हात लावला नाही. कुणी वाईट शब्द बोललं नाही. मागचा म्हणाला, “मॅडम, तुमचं ते बोला ना, झाकन उघडून बगावालं.” समोरचा हसू दाबत होता.

स्कार्फ गळ्यात होता. तो वर ओढायला एक हात सोडावा लागला असता. तिनं मान खाली घातली तर कुंडीजवळचा खाली वाकला. खालून मोटरीचा आवाज येत होता, त्यात सत्यमला वरचं काही ऐकू जात नव्हतं. ओरडावं तर काय म्हणून ओरडावं? गिऱ्हाइकानं व्हिडिओ घेऊ नये असं तिला म्हणता आलं असतं, तिनं म्हटलंही. “दादा, नका घेऊ.” ते तिनं इतकं हळू म्हटलं की तिचं तिलाच नीट ऐकू आलं नाही.

“काऊन मॅडम? तुमी तर रोज घेता,” पायरीवरचा म्हणाला. आणि त्यात खोटं काही नव्हतं.

बादलीच्या दोराला हिसका बसला. बादली धुतलेल्या पाण्यानं भरली होती. नळी गुडघ्याखाली दाबून ती ओढायला तिला वाकावंच लागलं. ती वाकली, ओढली, रिकामी केली, परत सोडली. किती वेळा ते तिनं मोजलं नाही. ती नुसती दोराकडं बघत होती. पिवळा नायलॉनचा दोर, हातात घासून त्याचे धागे निघाले होते.

सत्यम वर आला. डोकं झाकणाबाहेर निघालं तेव्हा तिघं जण फोन खिशात घालत होते. त्यानं ते पाहिलं. तो तसाच अर्धा आत, अर्धा बाहेर थांबला. तिला एकदा वाटलं, आता हा काही तरी करील, आणि लगेच भीती वाटली, की हे तिघं आहेत आणि हा एकटा आहे, आणि यांच्या फोनमधं ते सगळं आहे. त्यालाही तसंच काही वाटलं असावं. तो बाहेर आला, झाकण लावलं, कडेची फरशी पुसून दिली. त्यातला एक म्हणाला, “एक नंबर काम दादा. रिव्ह्यू टाकतो आपन.”

परत येताना क्रांती चौकाच्या सिग्नलला गाडी थांबली. उन्हाचा तडाखा होता, सगळ्यांचे चेहरे बांधलेले. सत्यम पुढं बघतच म्हणाला, “मला वाटलं व्हतं.” तिनं मांडीवरचं पाईपाचं वेटोळं सावरलं. “हौद बगितला तवाच वाटलं व्हतं. पन म्हनलं, असंल एखांदा स्वच्छ.” सिग्नल सुटला. मागच्यांनी हॉर्न दिले.

संध्याकाळी मोनिका धावत आली. पेजवर पाच तारे आले होते. ‘मॅडम लई भारी, सगळ्यांनी एकदा बोलवाच’ असं लिहिलं होतं, आणि त्याखाली लोकांनी पत्ता आणि नंबर विचारायला सुरुवात केली होती. मोनिकाला काही ठाऊक नव्हतं, ती खूश होती. सत्यम भिंतीकडं तोंड करून पडला होता. मनकर्णाबाईंनी विचारलं, काय म्हनतेत लोक?

“काम आवडलं म्हनतेत,” मंजुषा म्हणाली.

मोनिका गेली. मंजुषानं स्टो बाजूला सारून पिठाचा डबा काढला. तेवढ्यात फोन वाजला. तो सत्यमच्या उशाशी होता. सत्यमनं डोळे उघडले, फोनकडं बघितलं, हात पुढं केला आणि तो हात तसाच अंथरुणावर ठेवला. फोन वाजत राहिला. श्रेया म्हणाली, बाबा, फोन.

मंजुषा उठली आणि तिनंच तो घेतला.

“निर्मळ टाकी सफाई. बोला.”

पलीकडून आधी कुणी बोललं नाही. कुणी हसल्यासारखं वाटलं, की नुसती रस्त्यावरची गाडी गेली असेल, तिला ठरवता येईना. तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“टाकी किती लिटरची हाय?” तिनं विचारलं, आणि वाट बघत उभी राहिली.